पहिलं पुस्तक कोणतं?

फ्रान्समधल्या ब्ल्वा या गावी एक तरुण घड्याळजी पुस्तकाच्या दुकानात गेला. त्याला बर्तूचा घड्याळशास्त्रावरचा द्विखंडी ग्रंथ हवा होता. दुकानदार घाईत होता. त्याने फळीवरचे दोन खंड काढले, कागदात बांधले आणि गिऱ्हाईकाच्या हाती दिले. घरी येऊन सोडून बघतो तर आत घड्याळांचं काहीच नाही! विज्ञानाच्या गमतीजमतींचा तो एक कोश होता आणि त्यात हातचलाखीचे खेळ सांगितले होते. दुसरा कुणी असता तर ताबडतोब परत करायला धावला असता. हा रात्री वाचत बसला. पुढे १८४५ मध्ये याच माणसाने पॅरिसच्या पॅले रॉयालमध्ये स्वतःचं जादूचं थिएटर उघडलं. नाव रॉबेर-हूदँ (१८०५-१८७१). आधुनिक जादूचा जनक म्हणून त्याचं नाव घेतात.

ही हकिकत त्याने स्वतःच आत्मचरित्रात सांगितली आहे. जादूगाराचं आत्मचरित्र म्हणजे चिमूटभर मीठ जास्तच असणार, हे धरून चाला. ज्या हूदिनीने याच्याच नावावरून आपलं नाव घेतलं, त्यानेच १९०८ मध्ये याला खोटा ठरवणारं एक अख्खं पुस्तक लिहिलं! असो. मला त्या दुकानातल्या योगायोगापेक्षा पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. पुस्तक वाचून झालं, रहस्यं कळली, आणि तरीही एकही खेळ करता येईना. नाणं तळहातात लपवावं, असं पुस्तकात होतं. पण कुठल्या बोटाने, किती दाबून, हात कसा सैल ठेवून, यातलं काही नव्हतं. ज्याला आधीच येतं त्याच्यासाठीच ते लिहिलेलं होतं.

मग त्याने काय केलं? गावात माऊस नावाचा एक माणूस होता. लोकांच्या पायाची कुरुपं काढणं हा त्याचा धंदा, पण चेंडू झेलण्यात पटाईत. रॉबेर-हूदँने त्याला पैसे देऊन शिकवणी लावली. चार चेंडू हवेत खेळवता खेळवता समोर उघडं ठेवलेलं पुस्तक वाचण्यापर्यंत मजल मारली. जादूची बोटं तयार झाली ती तिथे. शिवाय चालताना कोटाच्या रुंद खिशात हात घालून आत पत्ते आणि नाणी फिरवत राहायची सवय लावून घेतली. म्हणजे पुस्तक, शिक्षक आणि खिसा अशी तीन साधनं त्याला एकत्र करावी लागली, कारण पुरेसं असं एकही नव्हतं.

आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकाचा नव्हताच. जत्रेत जमिनीवर बसून तीन वाट्या आणि गोळ्यांचा खेळ करणारा जादूगार माझ्या पिढीने तरी पाहिलेला आहे. त्या वाट्यांना वर एक गोंडा असतो, तो बोटांत धरूनच वाटी उचलायची. ना स्टेज, ना पडदा, ना दिवे. प्रेक्षक चारी बाजूंनी, हातभर अंतरावर. आज ज्याला क्लोज-अप मॅजिक म्हणतात ते हेच. ही विद्या बापाकडून मुलाकडे गेली, आणि मुलगा चालायला लागल्यापासून शिकत होता. तिथे ‘सुरुवात कुठून करू’ असं विचारायची वेळच येत नाही. तो प्रश्न ज्याच्या घरात कुणी जादूगार नाही त्याचा. म्हणजे तुमचा-माझा.

अशा माणसासाठी इंग्रजीत पहिलं छापील साधन आलं ते १५८४ मध्ये. रेजिनाल्ड स्कॉट हा केंट परगण्यातला जमीनदार. त्याला जादू शिकवायची मुळीच नव्हती. त्या काळी चेटकीण म्हणून बायकांना फासावर चढवत होते. हे सगळं थोतांड आहे, असं त्याला दाखवून द्यायचं होतं. म्हणून ‘द डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट’ या ग्रंथात त्याने चेंडू, नाणी, पत्ते यांच्या करामती उलगडून दाखवल्या. मान कापलेला माणूस कसा दाखवतात तेही. या कामी मदत केलेल्याचं नावही त्याने दिलं आहे : जॉन कोटारेस, लंडनमध्ये मोलमजुरी करून पोट भरणारा एक फ्रेंच माणूस. गंमत पहा, याच वर्षी फ्रान्समध्ये लिओं शहरात प्रेव्हो नावाच्या गृहस्थाचं हातचलाखीच्या खेळांचं पुस्तक निघालं.

म्हणजे रहस्यं चव्हाट्यावर येऊन सव्वाचारशेपेक्षा जास्त वर्षं झाली. ‘जादूगार रहस्य सांगत नाहीत, म्हणून शिकता येत नाही’ ही तक्रार तेव्हापासूनच खोटी आहे. टंचाई होती ती दुसऱ्याच गोष्टीची. आधी काय शिकायचं आणि नंतर काय, हे सांगणारा कुणी नव्हता. मी सरकारी कारकून, माझा जन्म पानांना क्रमांक घालण्यात गेला. फाईलमध्ये सगळे कागद असून क्रम चुकला तर ती फाईल कशी वाचता येत नाही, ते मला कुणी सांगायला नको.

रॉबेर-हूदँने स्वतः भोगलेलं होतं, म्हणून १८६८ मध्ये त्याने सुटे खेळ सांगण्यापेक्षा मूळ तत्त्वांवर भर देणारं पुस्तक लिहिलं. ते इंग्रजीत आणलं (१८७८) प्रोफेसर हॉफमनने. हा प्रोफेसर नव्हे आणि हॉफमनही नव्हे. अँजेलो लुईस नावाचा लंडनचा बॅरिस्टर, जादू हा त्याचा छंद. त्याचं स्वतःचं ‘मॉडर्न मॅजिक’ १८७६ चं. त्याआधी ते मुलांच्या मासिकात क्रमशः येत होतं. बॅरिस्टर असल्यामुळे असेल, एकही बाब गृहीत धरायची नाही ही त्याची शिस्त. डावं करंगळीचं बोट कुठे, उजवा अंगठा कुठे, सगळं बयाजवार. धंदेवाईक जादूगार यावर चिडले. माझ्या मते या विद्येवर सगळ्यात मोठे उपकार पोट भरण्यासाठी जादू न करणाऱ्या माणसांचे आहेत. त्यांना आपलं न येणं आठवत होतं.

पण हॉफमनचंही एक बिनसलं. पत्त्यांच्या प्रकरणात हाताची पहिली करामत म्हणून त्याने घातला ‘पास’. म्हणजे कॅटचा खालचा अर्धा भाग वर आणि वरचा खाली, समोरच्याला कळू न देता, क्षणात. ही पत्त्यांमधली अत्यंत अवघड गोष्ट. चांगला होण्यासाठी वर्षं जातात, आणि ती दाराशीच उभी! अनेक वर्षं दुसऱ्या पुस्तकांतही हाच रिवाज चालला. किती होतकरू पोरं तिथूनच परत फिरली असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

१९०२ मध्ये शिकागोत एक पुस्तक निघालं : ‘द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल’. लेखक एस. डब्ल्यू. अर्डनेझ. हे टोपणनाव कुणाचं, ते आजतागायत ठरलेलं नाही. आपल्याला पैशाची गरज आहे म्हणून हे लिहिलं, असं प्रस्तावनेत तो खुशाल सांगून टाकतो! पुस्तक मुख्यतः जुगारात पत्ते कसे फिरवतात याचं, जादूचा भाग नंतरचा. १०१ चित्रं आहेत. पण भाषा इतकी घट्ट की एकेक वाक्य हातात कॅट घेऊन पाच-दहा वेळा वाचावं लागतं. पत्त्यांच्या दुनियेत याला वेदाचा मान आहे, आणि म्हणूनच नवशिका पहिल्याच दिवशी हे उघडतो. ऑटावात जन्मलेल्या डाय व्हर्ननने (१८९४-१९९२) पोरवयात हे पुस्तक घोकलं आणि तो विसाव्या शतकातला क्लोज-अपचा गुरू झाला, हे खरं आहे. मात्र त्याने नव्वदी गाठेपर्यंत ते खाली ठेवलं नाही, हेही तितकंच खरं. १९८४ मध्ये त्याच पुस्तकावरची त्याची टिपणं छापून आली.

माझा भाचा फोंड्याला कॉलेजात आहे. गेल्या चवथीला सगळे घरी जमलेले असताना त्याने खिशातून कॅट काढला. एक खेळ सुरू केला, मध्येच अडला. दुसरा सुरू केला, तोही अर्ध्यावर राहिला. मुलं हसली, हा उठून बाहेर सोप्यावर जाऊन बसला. नंतर मला म्हणाला, “मामा, मला बहुतेक जमणार नाही. सोडून देतो.” मी त्याचा मोबाईल पाहिला. दोनशेच्या वर व्हिडिओ साठवलेले, बहुतेक पत्त्यांचे. त्यातल्या तीसेक खेळांचं रहस्य तो धडाधडा सांगू शकत होता. ब्ल्वाच्या त्या घड्याळजीचीच गत! फरक एवढाच, की त्याच्याकडे दोन खंड होते आणि याच्याकडे दोनशे व्हिडिओ, आणि उद्या आणखी दहा येतील.

व्हिडिओला मी नावं ठेवत नाही. हाताची लय आणि वेग कागदावर उतरत नाही, तो तिथे दिसतो. १९८० च्या दशकात व्हिडिओ कॅसेट आल्या तेव्हाच हे लक्षात आलं होतं. पण बघणारा लय उचलता उचलता त्या माणसाचं बोलणं, विनोद, भुवई उडवणंसुद्धा उचलतो, आणि एका व्हिडिओचा पुढच्याशी काही संबंध नसतो.

क्रमाचं काम खऱ्या अर्थाने अमेरिकेत झालं. हार्लन टार्बेलने १९२० च्या दशकात टपालाने साठ धडे पाठवायला सुरुवात केली, चित्रं स्वतःच काढलेली. एक धडा येईपर्यंत आधीचा करत बसण्याशिवाय इलाज नव्हता, हा त्यातला न ठरवलेला फायदा. पण ते सगळ्या प्रकारच्या जादूचं शिक्षण. फक्त पत्त्यांसाठी पाहायचं तर जीन ह्युगार्ड हा मूळचा ऑस्ट्रेलियन जादूगार आणि फ्रेडरिक ब्राऊ हा पत्रकार, या जोडीकडे जावं लागेल. दोघांनी १९४० मध्ये आधी तज्ज्ञांसाठी जाडजूड ग्रंथ लिहिला, आणि नंतर त्या दशकाच्या अखेरीस नवशिक्यांसाठी ‘द रॉयल रोड टू कार्ड मॅजिक’. हे नंतर सुचलं, हे मला फार बोलकं वाटतं. यात पहिलं प्रकरण कसलं? पत्ते पिसण्याचं! जे प्रत्येकाला थोडंफार येतंच. ते नीट आलं की लगेच तेवढ्यावर होणारे खेळ दिले आहेत, घरच्यांना करून दाखवा. मग पुढचं प्रकरण, त्याचे खेळ. तो ‘पास’ पार मागे, उत्तरार्धात ढकललेला. भाच्याला मी हेच घ्यायला सांगितलं, आणि पहिलं प्रकरण संपेपर्यंत दुसरं उघडायचं नाही अशी तंबी दिली. रोबेर्तो जोबी या स्विस जादूगाराची पाच खंडांची ‘कार्ड कॉलेज’ मालिका १९९० च्या दशकात यायला लागली, ती आणखी सविस्तर आणि समजावून सांगणारी आहे. पण ती महाग. पहिला खंड पुरतो.

नाण्यांसाठी बोबोचं ‘मॉडर्न कॉइन मॅजिक’ (१९५२). त्याच्या नंतरच्या आवृत्तीवर ११६ करामती आणि २३६ खेळ असं छापलेलं असतं. आकडा वाचून घाबरू नये आणि हुरळूनही जाऊ नये. तो कोश आहे, त्यातल्या चार-पाच करामतींवर वर्ष काढावं. एक अडचण मात्र आपल्याकडची आहे, ती कुठल्याच अमेरिकन पुस्तकात सापडणार नाही. ते लोक अर्ध्या डॉलरचं नाणं वापरतात, ३०.६ मिलिमीटर व्यासाचं. आपलं दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटर, रुपया तर २२ च्या आसपास. छोटं नाणं तळहाताच्या घडीत बसत नाही, घसरतं, आणि पोराला वाटतं आपलाच हात वाईट. आजीच्या पेटीत राणीछाप चांदीचा रुपया असेल तर बघा. तो साधारण साडेतीस मिलिमीटर आणि साडेअकरा ग्रॅमच्या थोडा वर, म्हणजे जवळजवळ अर्धा डॉलरच. आजीला विचारून घ्या म्हणजे झालं. नाणं गायब झालं की आधी तुमचंच नाव येणार.

आणि पुस्तकं संपल्यावर? अर्डनेझ पाठ असलेल्या व्हर्ननला १९३२ मध्ये कॅन्सस राज्यातल्या विचिटाच्या तुरुंगात एका जुगारी कैद्याकडून कळलं, की कॅटच्या मधोमध असलेला पत्ता वरून वाटल्यासारखा वाटणारा एक इसम आहे. हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं, हे शक्य नाही असंच सगळे समजत. व्हर्नन शोधत निघाला. मिसूरी राज्यातल्या प्लेझंट हिल या लहानशा गावात तो माणूस सापडला. ॲलन केनेडी त्याचं नाव. एका खोलीत वर्षानुवर्षं ती एकच गोष्ट घोटून त्याने तयार केली होती. त्याने पत्ते वाटून दाखवले आणि व्हर्नन, ज्याला सगळे आपला गुरू मानत, त्याच्यासमोर शिकायला बसला.