वीस दिवसांची वाट

सध्या आमच्या ऑफिसात ट्रेकची हवा आहे. टीममधली मंडळी हिमालयातली एक खिंड ओलांडणार. सात दिवस चालायचं, सामान खेचरांवर, मोबाइलला रेंज नाही! मागच्या शनिवारी वैजापूरला घरी गेलो, तेव्हा मोठ्या उत्साहाने अण्णांना हे सांगितलं. ते म्हणाले, "पैसे देऊन चालायला जाता? मग आपला कन्नडचा घाट काय वाईट आहे?"

तेव्हा हसलो. पण नंतर लक्षात आलं, की अण्णांच्या बोलण्यात दम आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक माणसाने 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' हे पुस्तक लिहिलं. म्हणजे त्या काळच्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांचं गाइडच. त्यात आपलं पैठण आहे, भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर. तेर तिथून पूर्वेला आणखी दहा दिवस. पैठणहून गोमेदासारखे मौल्यवान दगड, तेरहून कापड, आणि हे सगळं धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला.

इंजिनियर असल्याने लगेच हिशोब केला. पैठण-भडोच सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटर. वळणं धरून साडेचारशे म्हणू. भागिले वीस, म्हणजे रोज बावीस-तेवीस किलोमीटर. बैलगाडीची चाल बरोब्बर जुळते.

आता मधे अजिंठा-सातमाळ्याची रांग आहे. ती उतरल्याशिवाय गिरणेच्या खोऱ्यात जाता येत नाही. गाड्या नेमक्या कुठल्या घाटाने उतरत, हे पेरिप्लस सांगत नाही. पण कन्नडजवळची पितळखोऱ्याची लेणी बघा. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात तिथलं खोदकाम सुरू झालं. तिथल्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत. त्यात पैठणचा मित्रदेव आहे, गांधिक घराण्यातला, म्हणजे अत्तरं-सुगंधी द्रव्यं विकणारा. पैठणचा अत्तरवाला सव्वाशे किलोमीटरवरच्या दरीत खांबाचं दान का देईल? माझ्या मते, कारण त्याचा माल तिथून जात होता. शेजारून चाळीसगावला उतरणारा घाट आज औट्रम घाट म्हणून ओळखला जातो. ते नाव इंग्रज अधिकारी जेम्स औट्रमचं, म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं. वाट त्याच्या कितीतरी आधीची.

खरा प्रश्न पुढे आहे. पैठणहून कल्याण बंदर जवळ, सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्याही आत. मधे नाणेघाट, तोही सातवाहनांचाच. मग वीस दिवसांचा फेरा कशाला? उत्तर पेरिप्लसमध्येच आहे. कल्याण बंदराची तेव्हा नाकेबंदी झाली होती. चुकून तिकडे गेलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जाई. इतिहासकार यामागे क्षत्रप आणि सातवाहनांचं भांडण बघतात. उत्तरेची वाट जुनीच होती, पण आता सगळा भार तिच्यावर आला. आमच्या भाषेत, मुख्य सर्व्हर पाडला आणि ट्रॅफिक बॅकअपवर गेलं.

हिमालयातही हेच झालं. माणा आणि नीती खिंडीतून तिबेटचं मीठ आणि लोकर शतकानुशतकं खाली येत होती. 1962 च्या युद्धानंतर तो व्यापार थांबला आणि तिथल्या भोटिया लोकांचं पोट ज्या चालण्यावर होतं, ते चालणंच संपलं. डोंगर तिथेच होता. वाट माणसांनी बंद केली.

आणि फार लांब कशाला जायचं? 2021 च्या ऑगस्टअखेर दरडी कोसळून कन्नडचा घाट बंद पडला. 2023 साली न्यायालयाच्या आदेशाने तिथे अवजड वाहनांना बंदी आली, तेव्हा ट्रक आमच्या तालुक्यातल्या शिऊर बंगल्यावरून नांदगावमार्गे वळवले. हा फेरा बघून मित्रदेवाला काही नवल वाटलं नसतं.

असो. हिमालयाचे पैसे भरलेत, तेव्हा तिकडे जाणारच. पण त्याआधी एक रविवार पितळखोऱ्याला. अण्णा म्हणाले, "मी पण येतो. गाडी तू चालव."