थोरल्या विहिरीपासून धरमतरपर्यंत

पूर्वी खेड्यातल्या पोरांना पोहणं आपोआप यायचं, असं हल्ली लोक सांगतात. ते काही खरं नाही. शिकवणारी माणसं होती. फक्त त्यांना कुणी प्रशिक्षक म्हणत नव्हतं आणि त्यांच्या गळ्यात शिट्टी नसायची.

आमच्या भावकीत हे काम तात्यांचं. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. पंचगंगेच्या काठाला आमची शेती, आणि मळ्यात मोटेची थोरली विहीर. चैत्र लागला की तात्या पांगऱ्याच्या हलक्या लाकडाचे ओंडके काढायचे. कुणाच्या पाठीला ओंडका, कुणाच्या वाळका भोपळा, तर कुणाच्या तेलाचा रिकामा डबा. कमरेला कासरा बांधायचा आणि द्यायचं ढकलून! चार-आठ दिवसांनी तात्या त्या ओंडक्याची एक ढलपी काढायचे. पोराला पत्ता नसायचा. ओंडका बारीक होत जायचा आणि एक दिवस पाठीला नुसतीच दोरी राहायची. मला पोहायला आलं ते असं, 1962 च्या उन्हाळ्यात.

धावेवर बसून तात्या मोठ्या पोरांना सांगायचे, "कासरा हातात धरायचा, पर वढायचा न्हाई. वढलं की पोरगं भितं. आन सोडायचा तर अजाबात न्हाई."

पुढं शिकायला शहरात आलो आणि पहिल्यांदा पोहण्याचा तलाव बघितला. निळं पाणी, तळाला काळे पट्टे. मला वाटलं, आता दाखवतो यांना. पन्नास मीटर पोहायला उतरलो, तर माझ्यापेक्षा लहान पोरं पुढं निघून गेली. आम्ही विहिरीत मान वर काढून हात मारणारी माणसं. मान वर म्हणजे कंबर खाली, आणि कंबर खाली गेली की माणूस पाण्याला आडवा येतो. तोंड पाण्यात घालून बाजूला श्वास घ्यायला शिकण्यात माझं एक वर्ष गेलं. पोहणारा म्हणून मी मोठा झालो नाही, पण हे 'का' आणि 'कसं' डोक्यात बसलं आणि 1978 पासून मी शिकवायला लागलो.

त्या वेळी आमच्याकडं सांगायला एक मोठं नाव होतं, मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा जवान 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला. उपचार म्हणून पोहायला लागला आणि 1972 साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटरला सुवर्णपदक घेऊन आला. पोरगं कुरकुरलं की मी हे सांगायचो. समुद्राची गोष्ट निघाली की मिहिर सेन आणि आरती साहा. सेन यांनी 1958 ला इंग्लिश खाडी पार केली, साहांनी 1959 ला. पोरं विचारायची, "सर, मधी बसायला काय नसतंय?" नसतं. होडीला हात लावला की संपलं. खायचं-प्यायचं तेसुद्धा पाण्यात तरंगत.

तलावातला पोहणारा आणि समुद्रातला पोहणारा या दोन वेगळ्या जाती आहेत, हे मला उशिरा कळलं. तलावात दर पन्नास मीटरला भिंत येते. पोरगं तिला लाथ मारून पुढं जातं आणि तेवढाच विसावा मिळतो. समुद्राला भिंत नाही. तळाला पट्टा नाही, म्हणून मधून मधून डोकं वर काढून खूण बघावी लागते. तलावात मी घड्याळ बघायचो. होडीत बसलो की मिनिटाला हात किती पडतात ते मोजायचो. चांगलं पोरगं बासष्टवर लागलं की तासन्‌तास बासष्टच मारतं. आकडा घसरायला लागला की समजायचं, आतलं तेल संपत आलं.

आमच्याच बाजूच्या वाडीचं एक पोरगं होतं. बाप म्हशी राखायचा. पोरगं विहिरीतच वाढलेलं. तलावात त्याला कधी मोठं पदक मिळालं नाही, पण तीन तास पोहूनही त्याचा हात बदलायचा नाही. त्याला धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया पोहवायचं ठरलं. छत्तीस किलोमीटर. गावानं वर्गणी काढली. बापानं एक म्हैस विकली, हे मला मागाहून कळलं.

या अंतराचं सगळं गणित भरती-ओहोटीवर असतं. धरमतरला ओहोटी सुरू होताच उतरायचं. ती खाडीतून बाहेर काढते. मग भरती लागते, ती मुंबई बंदराकडं आत घेते. होडीच्या तांडेलानं सांगितलं होतं, रात्री दोनला पोरगं पाण्यात पाहिजे. पण नारळ फोडायला एक पाहुणे यायचे होते. ते तासभर उशिरा आले. तांडेल दोनदा म्हणाला, "मास्तर, पाणी थांबणार नाही." मी थांबलो. वर्गणीत त्यांचा आकडा मोठा होता. ही चूक माझी. ती मी दुसऱ्या कुणावर घालत नाही.

तो एक तास पाण्यानं वसूल केला. खाडीच्या तोंडाशी भरती समोरून आली, तिथं पोरगं झुंजलं. तरी बाहेर पडलं. दुपारी अडीचला गेटवे दिसत होतं, ताजमहाल हॉटेलाचा घुमट दिसत होता आणि नेमकी दुसरी ओहोटी लागली. वाटेत नांगरलेली एक बोट होती. चाळीस मिनिटं ती आमच्या उजव्या हातालाच राहिली. पोरगं हात मारत होतं आणि तिथंच होतं. हात बासष्टवरून चव्वेचाळीसवर आले. मी ओरडून विचारलं, "बाळा, गाव कुठलं तुझं?" ते म्हणालं, "म्हशीला पाणी दावलं का?"

बाप माझ्या दंडाला धरून म्हणाला, "सर, हात लावू नगासा. दिसतंय की गेटवे!"

मला तात्या आठवले नाहीत, काही आठवलं नाही. मी पाण्यात उडी घेतली आणि त्याला धरलं. पोहणं तिथं संपलं. परत येताना होडीत कुणी बोललं नाही. बाप पोराच्या अंगाला टॉवेल चोळत राहिला. पुढं दोन वर्षं तो रस्त्यात भेटला तरी मान वळवायचा. माझंही तोंड नव्हतं. काढलं ते बरोबर होतं, पण ती वेळ आणली मीच होती.

2019 च्या ऑगस्टात पंचगंगा गावात शिरली. लोक माळवदावर, पत्र्यावर बसलेले. तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. साठीच्या म्हाताऱ्यांना पोहता येत होतं आणि विशीतल्या पोरांना येत नव्हतं. मोट गेली, मोटर आली. विहिरी गाळानं भरल्या, बोअर पडले. नदीच्या पाण्यात कुणी पोराला सोडेना. शिकवणारे तात्या गेले आणि आमच्यासारखे फी घेऊन शहरात बसले.

ते पोरगं, आता चाळिशी गाठलेलं, कमरेला कासरा बांधून गल्लीत उतरलं होतं. दुसरं टोक पत्र्यावर त्याच्या म्हाताऱ्या बापाच्या हातात होतं. त्यानं एकेक म्हातारी बाहेर काढली. चौकात ओढ वाढली तेव्हा ते मागं फिरलं आणि म्हणालं, "हितनं फुडं नाव पायजे. मी जाणार न्हाई." बापानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "कळतंय आता त्याला." एवढंच बोलला.

पुढच्या उन्हाळ्यांत आम्ही दोघांनी मिळून थोरल्या विहिरीतला गाळ उपसला. आता चैत्रात तिथं पोरं येतात, पोरीही येतात. फी नाही. ओंडका तो तासतो. कासरा मी धरतो.