खोटी नोट आणि खोटा डायनासोर

आमच्या घरी सिनेमाला जायचा ठराव चिरंजीव मांडतात, सौ. अनुमोदन देते आणि खर्चाला मंजुरी मी देतो. गेल्या महिन्यात असाच एक ठराव पास होऊन आम्ही तिघं एका परदेशी चित्रपटाला गेलो. पडद्यावर एक अख्खं शहर समुद्रात बुडत होतं, आणि मी पॉपकॉर्नच्या बिलाची बेरीज तपासत होतो.

"बाबा, शहर बुडतंय!" चिरंजीव कुजबुजले.

"बुडू दे. खोटं आहे ते."

"कशावरून?"

आता कशावरून, हे मला सांगता येईना. पण खोटं होतं, एवढं नक्की. आमच्या बँकेतले हेडकॅशियर बंडल मोजता मोजता मधेच थांबतात आणि एक नोट बाजूला काढतात. "कशावरून हो?" असं विचारलं, तर ते स्वतःच्याच बोटांकडे बघत बसतात. तीस वर्षं खऱ्या नोटा मोजल्या की खोटी नोट बोटाला आपोआप टोचते. आपले डोळे तर जन्मल्यापासून खरं ऊन, खरं पाणी आणि खरी माणसं मोजत आलेले. ते फसतील कसे?

पण मग मनात आलं, की हेच डोळे पूर्वी फसत होते, आणि तेही आनंदानं! मी पडलो बी.कॉम. खात्यात घोळ दिसला, की जुनी लेजरं काढायची ही आमची खोड. म्हणून मी सिनेमाचं खातं पहिल्या पानापासून उघडलं.

पहिल्या पानावर चक्क जादूगारच निघाले. पॅरिसच्या जॉर्ज मेलिएसनं १९०२ साली चंद्राच्या डोळ्यात रॉकेट घुसवलं. त्याचा मूळ धंदा जादूचे प्रयोग करण्याचा. आपले दादासाहेब फाळकेही जादू शिकलेले. आडनाव उलटंपालटं करून 'प्रोफेसर केळफा' या नावानं ते प्रयोग करीत. आयुर्विम्याची पॉलिसी तारण ठेवून हा माणूस १९१२ साली सिनेमा शिकायला इंग्लंडला गेला. (आज असा कर्जाचा अर्ज माझ्या टेबलावर आला, तर मी तो कुठल्या ट्रेमध्ये टाकीन, हे सांगायला नकोच.) त्यांनी कुंडीतल्या वाटाण्यासमोर कॅमेरा लावला, दिवसेंदिवस एकेक चित्र टिपलं आणि अंकुर भराभर वाढताना दाखवला. पुढे १९१७ च्या 'लंकादहना'त मारुती उडाला. पडद्यावर राम दिसताच लोक पायांतल्या वहाणा काढीत, आणि गल्ल्याची नाणी बैलगाडीतून न्यावी लागत, असं सांगतात. नाणी कोणी मोजली असतील, या विचारानं माझीच बोटं दुखायला लागली.

१९३३ चा 'किंग काँग' घ्या. विलिस ओब्रायननं दीडएक फुटाचं बाहुलं इंचाच्या भागानं हलवलं. हलवायचं, चित्र घ्यायचं, पुन्हा हलवायचं. पडद्यावरच्या एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात. नीट पाहिलं तर काँगच्या अंगावरची लव उगीचच हलताना दिसते. तो वारा नव्हे, बाहुली हलवणाऱ्याच्या बोटांचे ठसे ते! तरीही तो गोरिला इमारतीवरून पडताना जीव हळहळतो. कारण बाहुलं छोटं असलं, तरी होतं. त्याच्यावर खरा उजेड पडत होता आणि त्याची सावली त्याचीच होती.

१९७५ च्या 'जॉज'मधला यांत्रिक शार्क तर खाऱ्या पाण्यात शिरला की संपावरच जायचा. बिचाऱ्या स्पीलबर्गला निम्म्याहून जास्त सिनेमा शार्कशिवाय काढावा लागला. नुसतं पाणी आणि संगीत. लोक जास्तच घाबरले. न दिसणाऱ्या साहेबाची दहशत जास्त असते, हे आम्हाला हेड ऑफिसमुळे आधीच ठाऊक होतं.

त्याच स्पीलबर्गचा १९९३ चा 'जुरासिक पार्क' इकडे हिंदीत आला तो १९९४ साली. मी तेव्हा तेरा वर्षांचा. तालुक्याच्या टॉकीजमध्ये पत्र्याच्या खुर्चीवर बसून मी शेजारच्या अनोळखी गृहस्थांचा हात धरला होता, आणि त्यांनी माझा. आता हिशेब पाहा. सिनेमा १२७ मिनिटांचा, त्यात डायनासोर पंधराएक मिनिटं, आणि त्यातही कॉम्प्युटरवर काढलेले जेमतेम सहा. बाकीचे स्टॅन विन्स्टनच्या कारखान्यात बनवलेले खरेखुरे धूड. पावसाच्या दृश्यात त्या रबरी टी-रेक्सचं कातडं पाणी पिऊन जड व्हायचं आणि तो थंडी वाजल्यासारखा थरथरायचा. मग माणसं टॉवेल घेऊन त्याला पुसत बसायची. कॉम्प्युटरच्या डायनासोरला रात्र, पाऊस आणि शेजारी हा ओला नमुना. खोटी नोट अंधारात, दहा खऱ्या नोटांच्या मधे सरकवावी, तसं ते.

आता उलटं झालंय. बंडलात दहाच्या दहा नोटा खोट्या! नट हिरव्या कापडापुढे दिव्यांच्या उजेडात उभा असतो आणि मागचा सूर्यास्त सहा महिन्यांनी डकवतात. चेहऱ्यावरचं ऊन एका दिशेचं, डोंगरावरचं दुसऱ्या. पन्नास टनांचं धूड पतंगासारखं गर्रकन वळतं. कॅमेरा तर किल्लीच्या भोकातूनही जातो. तिथे कुठलाही माणूस उभा राहू शकणार नाही, हे डोळ्यांना कळतं आणि ते हेडकॅशियरसारखे थांबतात.

माणसाचा चेहरा तर सगळ्यात अवघड. २०१७ च्या 'जस्टिस लीग'चं काही चित्रण पुन्हा करायचं ठरलं, तेव्हा सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅव्हिलला दुसऱ्या कंपनीच्या सिनेमासाठी मिशी होती. ती कंपनी मिशी काढू देईना. मग पडद्यावरची मिशी कॉम्प्युटरनं काढली. जगाला वाचवणाऱ्या त्या पुरुषाचा वरचा ओठ असा झाला, की दातांच्या डॉक्टरकडून आत्ताच इंजेक्शन घेऊन आलाय! आमच्या कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं ते काम दोन मिनिटांत केलं असतं.

म्हणजे दोष कॉम्प्युटरचा? तसं मीही म्हणत होतो, पण २०१२ च्या 'लाइफ ऑफ पाय'मधल्या वाघानं माझं तोंड बंद केलं. तो वाघ बहुतेक दृश्यांत कॉम्प्युटरचा आहे, आणि कुठला खरा, कुठला खोटा, हे मला आजही ओळखता येत नाही. तिथे नमुन्याला खरे वाघ होते आणि काम करणाऱ्यांनी केस न् केस घोटला होता. या वाघानं ऑस्कर मिळवलं. पण तो बनवणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या कंपनीनं सोहळ्याच्या थोडेच दिवस आधी, फेब्रुवारी २०१३ मध्ये, दिवाळखोरीचा अर्ज केला होता! सिनेमाचा गल्ला साठ कोटी डॉलरच्या घरात आणि वाघ बनवणारे रस्त्यावर. सभागृहाबाहेर या धंद्यातली शेकडो माणसं निदर्शनं करीत होती. आत बक्षीस घेणाऱ्यानं कंपनीच्या हलाखीचा विषय काढताच त्याचा माईक बंद झाला आणि संगीत वाजलं. कुठलं? 'जॉज'मधल्या शार्कचं!

इथे मात्र माझं कॉमर्स कामाला आलं. हा धंदा चालतो टेंडरवर. अख्ख्या सिनेमाचं काम एका ठरीव रकमेत घ्यायचं. मग निर्माता म्हणतो, आकाश निळं नको, लाल करा. लाल झालं की म्हणतो, आधीचंच बरं होतं. रक्कम तीच, प्रदर्शनाची तारीख तीच, वाढतात त्या फक्त रात्री. एकतीस मार्चच्या रात्री सगळं टॅली झाल्यावर साहेबांनी "फॉरमॅट बदललाय" म्हणून सांगावं, तशी गत. त्या रात्री आमच्या हातूनही ज्या चुका होतात, त्या एप्रिलभर पुरतात. पडद्यावरचं ते बुडणारं शहरही कुणाचं तरी क्लोजिंग असणार.

परवा पुन्हा ठराव पास झाला. शहर पुन्हा बुडालं. सिनेमा संपल्यावर सौ. आणि चिरंजीव दारापर्यंत पोचले, पण मी खुर्चीतच. पडद्यावर बारीक अक्षरांत नावं सरकत होती. शेकड्यांनी नावं, आणि त्यांत कितीतरी आपल्याकडची. झाडूवाला येऊन पायाशी उभा राहिला.

"साहेब, संपलं."

"थांबा हो जरा," मी म्हणालो, "एवढंच खरं आहे."