चवदार तळे आणि याकोबाची विहीर

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली सावित्री नदी पोलादपूरवरून महाडला येते. अशा या पाण्याच्या मुलखात माणसांना ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे झगडावे लागले. तो इतिहास आपल्या तरुण पिढीस ठाऊक असावा, म्हणून हा लेखप्रपंच.

आसपासच्या खेड्यांतील अस्पृश्य बांधव बाजारहाटासाठी व गावकामगार म्हणून सरकारी सारा पोचविण्यासाठी महाडला येत. गावातील सार्वजनिक पाणवठा म्हणजे चवदार तळे. तेथे मुसलमानांना, ख्रिस्ती लोकांना, इतकेच काय गुराढोरांनाही मज्जाव नव्हता. अस्पृश्यांना मात्र दूर आपल्या वस्तीतील गाळाने बुजत चाललेली विहीर गाठावी लागे. म्हणजे प्रश्न पाणी बाटण्याचा नव्हताच. ज्याला आपण खालच्या पायरीवर ठेवले, तो आपल्या बरोबरीने पाणी पिऊ लागला तर आपली वरची पायरी राहते कोठे, ही खरी भीती होती. डॉ. आंबेडकरांनी हेच मर्म ओळखले होते.

कायदा तर आधीच झाला होता. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने 1923 साली संमत केला. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने तळे खुले केले, पण कागदावर. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर परिषदेच्या प्रतिनिधींसह तळ्यावर गेले व पाणी प्याले. लगोलग, हे लोक वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार अशी आवई उठली आणि जेवायला बसलेल्या प्रतिनिधींवर लाठ्या कोसळल्या. अनेकांना मुसलमान कुटुंबांनी आश्रय दिला. नंतर 108 घागरी पाणी उपसून, शेण, गोमूत्र, दूध व दही ओतून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. नगरपालिकेनेही आपला ठराव मागे घेतला.

तथापि भेदाच्या भिंती ओलांडणारेही होते. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधरपंत सहस्रबुद्धे ही सवर्ण मंडळी डॉ. आंबेडकरांच्या बाजूला उभी राहिली. डिसेंबरच्या परिषदेला कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. पुढे खटला चालला. अनादी कालापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही आणि 17 मार्च 1937 रोजी उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. दहा वर्षांना तीन दिवस कमी होते.

आम्हा ख्रिस्ती लोकांना तळे खुले होते, एवढ्यावर आम्ही समाधान मानावे काय? तमिळनाडूतील वडक्कनकुलमच्या चर्चमध्ये जातींना वेगळे बसविणारी भिंत होती. ती 1910 मध्ये पाडली गेली. गोव्यातील कोंफ्रारियाही जातवार विभागलेल्या होत्या. ख्रिस्तसभेत दलितांना आजही भेदभाव सोसावा लागतो, अशी कबुली भारतीय बिशप्स परिषदेने 2016 च्या आपल्या धोरणपत्रात दिली.

योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू येशू याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो. यहुदी शोमरोन्यांशी संबंध ठेवीत नसत. प्रभूने तिला पाणी देण्यापूर्वी तिच्या हातचे पाणी मागितले, हे आम्ही विसरतो. दया दाखविताना पायरी शाबूत राहते. मागताना ती मोडते. सोयरीक जुळविताना ‘आपल्यातलाच हवा’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने महाडचे हे तळे एकदा आठवावे.