'यकृत-कार्य-चाचणी' : एका संज्ञेचा इतिहास आणि वार्धक्य

१९४६ नंतरच्या दशकात नागपूर हे पारिभाषिक शब्दरचनेचे एक प्रमुख केंद्र होते. डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातू, उपसर्ग व प्रत्यय यांच्या आधारे येथेच सहस्रावधी शास्त्रीय संज्ञा घडविल्या. १९४७ मध्ये ह्याच नगरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. शब्दाच्या घटनेतूनच अर्थ उकलावा, हा त्या शब्दरचनेमागील आग्रह होता. परंतु संज्ञा स्थिर राहून तिच्याखालील वस्तूच पालटली, तर काय घडते, हा प्रश्न त्यात सुटत नाही. 'यकृत-कार्य-चाचणी' ही संज्ञा ह्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

आरंभी हे नाव सार्थ होते. १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या बाउअर यांनी रोग्यास गॅलॅक्टोज शर्करा देऊन यकृत ती कितपत पचविते, हे पाहिले. १९२५ मध्ये रोझेंथाल व व्हाइट यांनी एक रंगद्रव्य शिरेतून देऊन रक्तातून त्याचा निचरा मोजला; १९३३ मध्ये क्विक यांनी हिप्प्युरिक आम्लाची चाचणी मांडली. तिन्हींमध्ये यकृताला काम नेमून देऊन ते कितपत पार पडते, हेच तपासले जाई. १९५५ च्या सुमारास ट्रान्सअमिनेज विकरांचे मापन प्रचारात आले. ही विकरे पेशींना इजा झाली म्हणजे रक्तात उतरतात. म्हणजे ती इजा दाखवितात, कार्य नव्हे. रक्ताच्या एकाच नमुन्यावर भागत असल्याने ही पद्धत रूढ झाली आणि जुन्या चाचण्या मागे पडल्या. नाव मात्र तेच राहिले.

ह्या अर्थांतराचा फटका वृद्धांना अधिक बसतो. वार्धक्यात यकृताचे आकारमान सुमारे २० ते ४० टक्क्यांनी घटते. त्यातील रक्तप्रवाहही एक तृतीयांशाहून अधिक उणावतो. पेशी कमी होतात, पण फुटत नाहीत. म्हणून बिलिरुबिन व विकरे बहुधा प्राकृतच आढळतात. अल्ब्युमिन व प्रोथ्रॉम्बिन-काल यांवरून प्रत्यक्ष कार्य काहीसे कळते, हे खरे. परंतु यकृताची राखीव शक्ती मोठी असल्याने तेही उशिराच बदलतात. शस्त्रक्रियेच्या वेळी मात्र त्या राखीव शक्तीचीच कसोटी लागते. रक्तदाब उतरला की अगोदरच क्षीण असलेला प्रवाह आणखी आटतो. मॉर्फीनसारख्या औषधांचा निचरा मंदावतो. यकृताचा भाग कापून काढल्यास त्याची पुनर्वाढ संथ होते.

शस्त्रक्रियापूर्व मापनाच्या इतिहासातही वय उशिरा आले. १९६४ मध्ये चाइल्ड व टर्कॉट यांनी यकृतरोग्यांसाठी बिलिरुबिन, अल्ब्युमिन, जलोदर, बोधावस्था व पोषण ह्या पाच कसोट्या घातल्या. १९७३ मध्ये प्यू व सहकाऱ्यांनी पोषणाच्या जागी प्रोथ्रॉम्बिन-काल घेतला. वय दोहोंतही नव्हते. २००७ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या अभ्यासाने यकृतकाठिण्य असलेल्या रोग्यांच्या शस्त्रक्रियोत्तर मृत्यूचा अंदाज बांधताना वयाचा स्वतंत्र समावेश केला. उलटपक्षी सुश्रुतसंहितेने सत्तरीपुढील मनुष्यास क्षीण होत जाणाऱ्या धातूंचा म्हणून वृद्ध मानले आहे आणि त्याच्यावर अग्निकर्म, क्षार व विरेचन टाळून मृदू क्रिया सावकाश करावी, असे सांगितले आहे. यकृताच्या मापनाशी ह्या वचनाचा संबंध नाही. परंतु रोगाची चिन्हे नसतानाही वय हीच विचारार्ह बाब होय, ही जाण त्यात स्पष्ट आहे.

कार्याची प्रत्यक्ष चाचणी सर्वस्वी लोपली, असे मात्र नाही. यकृतच्छेदनापूर्वी इंडोसायनिन ग्रीन हा रंग देऊन १५ मिनिटांनी रक्तात तो किती उरतो, हे पाहण्याची जपानी शल्यविशारदांनी रूढ केलेली पद्धत १९२५ च्याच कल्पनेचा पुनर्जन्म होय.

मराठीत 'काळीज' हा शब्द यकृतवाचक 'कालेया'पासून हृदयाकडे सरकला. त्याने कोणाचे अहित झाले नाही. अहवालावरील संज्ञेचे तसे नाही. सत्तरी ओलांडलेल्या रोग्याच्या अहवालात 'कार्य प्राकृत' असे वाचले जाते, तेव्हा प्रत्यक्षात 'इजा आढळली नाही' एवढेच सिद्ध झालेले असते. 'यकृत-इजा-चाचणी' आणि 'यकृत-क्षमता-चाचणी' अशा दोन संज्ञा वेगळ्या केल्यास हा भेद शब्दातच उमटेल.