बेवडाची पुण्याई

निजामाच्या अमदानीत परभणी जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यात, म्हणजे १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात मोडणाऱ्या आखाडा बाळापूरच्या मुलखात, कोणत्या रानात काय पेरले आणि त्यावर सारा किती, याची नोंद सरकारी दप्तरात होत असे. परंतु त्या रानाला आदल्या साली बेवड कशाचा होता, म्हणजे आधी कोणते पीक घेऊन जमिनीत कस राखला होता, आणि शेणखताच्या गाड्या किती पडल्या होत्या, हा हिशेब कुणब्याच्या स्मरणातच राही, आणि जमिनीची बरकत मुख्यतः त्याच हिशेबावर अवलंबून असे.

ज्वारीच्या तासांमधून तुरीचे पाटे टाकावेत, मूग-उडीद निघाल्यावर त्याच रानात रब्बीची ज्वारी पेरावी, वर्षभर कुजलेला उकिरडा उन्हाळ्यात गाड्यांनी वाहून पसरावा आणि धनगरांची मेंढरे धान्याच्या मोबदल्यात रानात बसवावीत, ही मराठवाड्याच्या काळ्या जमिनीतील जुनी वहिवाट होय. तिच्यातील द्विदल पिकांचे शास्त्रीय मर्म १८८६ साली जर्मनीत शास्त्रज्ञ हेलरीगेल यांनी उलगडले: द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत वसणारे सूक्ष्म जीव हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात. फुलोऱ्यावर आलेले मुगाचे रोप ढेकळासकट अलगद उपटून मुळावरची गाठ नखाने चिरली आणि आत तांबूस रंग दिसला, तर ती कार्यरत आहे असे खुशाल समजावे.

मात्र या जीवांनाही हवा, ओलावा व स्फुरद लागते. पावसाळ्यात चिबडणारी काळी माती कुजलेल्या शेणखताने भुसभुशीत होते, मुळांशी हवा खेळते आणि गाठी पोसतात. उलट रासायनिक नत्राची मात्रा अतिरिक्त झाली, तर पीक आयत्यावर विसंबते व गाठी धरत नाहीत. होळकरांच्या इंदुरात १९२४ पासून संशोधन करणाऱ्या अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा व शेण कुजविण्याची जी पद्धत १९३१ साली ग्रंथरूपाने मांडली, तिची प्रेरणाही पौर्वात्य शेतकऱ्यांच्या अनुभवातूनच आली होती.

पुढे ट्रॅक्टर आले, दावणीची गुरे घटली आणि ज्वारी-मुगाच्या जागी सोयाबीन पसरले. सोयाबीनही द्विदलच, परंतु दाण्यांवाटे पुष्कळसा नत्र बाजारात जातो, आणि रानाला खताची पाटी न देता केवळ पिकाच्या जातीवर भिस्त ठेवली, तर बेवडाची पुण्याई झपाट्याने सरते. पेरणीपूर्वी बियाण्याला रायझोबियम, म्हणजे गाठींतील त्याच सूक्ष्म जीवांचे संवर्धन, अवश्य चोळावे. मात्र त्या जीवांना नांदण्याजोगे रान सिद्ध करणे हे आजही शेतकऱ्याचेच कर्तव्य आहे, आणि त्याचा आरंभ उकिरड्यापासूनच करावा लागतो.