उजेडाची तार आपल्या गावात कशी आली



मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावाच्या फाट्यावर रस्त्याचं काम चालू होतं. जेसीबीचा एक दणका बसला आणि जमिनीतली काळी केबल तुटली. त्याच दिवशी आमच्या बचत गटाची बैठक होती. बँक सखीच्या मशीनवर कुणाचाच अंगठा लागेना. सेवा केंद्राचं दार उघडं, पण दाखला निघेना. टॉवर त्याच केबलवर, त्यामुळे मोबाइलही मुका. चार दिवस असेच गेले. हप्ते अडकले आणि एकीच्या मुलीचा प्रवेशाचा अर्जही राहता राहता वाचला.

आम्ही तुटलेलं टोक बघायला गेलो. वाटलं होतं आत तांब्याची तार असेल. निघाले ते केसाएवढे बारीक, रंगीत धागे. दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणाला, "मावशी, ही काच आहे. यातून लाईट जाते." आमच्यातली एक म्हणाली, "एवढ्याशा काचेवर अख्खं गाव टांगलंय होय!" या धाग्याची गोष्ट शोधायची, हे आम्ही तिथेच ठरवलं. आज तीच सांगतोय.

आधी जुनी आठवण. आपल्या खान्देशात रेल्वेच्या रुळांसोबत तारायंत्राच्या तारा आल्या. भुसावळ मोठं जंक्शन झालं. त्या तारांतून विजेचे ठोके जायचे आणि ठोक्यांवरून अक्षरं लावायची. आपल्या आज्यांना "तार आली" एवढं ऐकूनच धडकी भरायची, कारण ती बहुधा वाईट बातमीच आणायची. ती तारसेवा 2013 च्या जुलैमध्ये बंद झाली. मधल्या काळात फोन आले, चौकाचौकात एसटीडीची पिवळी पाटी लागली. पण तांब्याच्या तारेला मर्यादा होती. लांब गेलं की आवाज क्षीण होतो, आणि एका तारेत फार बोलणी मावत नाहीत.

मग उजेडाने निरोप पाठवला तर? ही कल्पना आपल्याला नवी नाही. रात्रीची थ्री फेज लाईट आली की पाणी भरायला गेलेला माणूस लांबच्या शेतातून बॅटरी उघडझाप करून दाखवतो आणि आपल्याला कळतं, मोटर चालू झाली. काचेच्या धाग्यातही हेच होतं. दिवा लागला की एक, विझला की शून्य. फरक एवढाच, की तिथली उघडझाप सेकंदाला अब्जावधी वेळा होते.

पण उजेड सरळ जातो आणि धागा तर वळतो. मग उजेड बाहेर कसा सांडत नाही? याचं उत्तर पाण्यात सापडलं. 1840 च्या सुमारास जिनिव्हात कोलाडों यांनी आणि 1854 मध्ये लंडनला टिंडल यांनी दाखवलं, की पाण्याच्या धारेत सोडलेला उजेड धारेबरोबर वळतो. तुम्हीही करून पाहा. पाण्याच्या पारदर्शक बाटलीला खालच्या बाजूला बारीक भोक पाडा. धार सुरू झाली की अंधारात समोरच्या बाजूने भोकाच्या रेषेत बॅटरी धरा. धार वाकते, तसा उजेडही तिच्याबरोबर जातो. धारेच्या आतल्या कडेवर तो आपटतो आणि पुन्हा आतच वळतो.

पुढे पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी लंडनला शिकायला गेले. 1954 मध्ये त्यांनी आणि त्यांचे गुरू हॉपकिन्स यांनी काचेच्या तंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे पोचवून दाखवलं. 'फायबर ऑप्टिक्स' हे नाव कपानी यांनीच रूढ केलं. पण तेव्हाच्या काचेत उजेड वीसेक मीटरमध्येच विरून जायचा. आपल्या गल्लीच्या टोकापर्यंतही निरोप गेला नसता.

1966 मध्ये इंग्लंडमध्ये काम करणारे चार्ल्स काओ यांनी सांगितलं, की दोष काचेचा नाही, काचेतल्या मळाचा आहे. लोखंडासारख्या धातूंचे बारीक कण काढून टाकले तर उजेड कितीतरी किलोमीटर जाईल. 1970 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या तिघा संशोधकांनी तशी शुद्ध काच करून दाखवली. आजच्या तंतूत एक किलोमीटरनंतरही शंभरातला पंचाण्णव भाग उजेड शिल्लक राहतो. काओ यांना 2009 मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

हा तंतू करतात कसा? आपल्या कापसाच्या मुलखाला ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. पेळूतून सूत ओढतात ना, तसंच. काचेची जाड कांडी उंच मनोऱ्यावर टांगतात, तिचं टोक दोन हजार अंशांच्या आसपास तापवतात आणि खालून धागा ओढत जातात. पाकाची तार निघते, तशी काचेची तार निघते. असा कारखाना आपल्या शेजारी, छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजलाही आहे. केबल ज्या प्लास्टिकच्या नळीतून जमिनीत घालतात, तशा नळ्या आपल्या जळगावात होतात. ज्या कंपनीच्या ठिबकने केळीला पाणी दिलं, तीच या नळ्याही बनवते.

भारतात दोन टेलिफोन एक्स्चेंज जोडणारी पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा 1979 मध्ये सुरू झाली, आणि तीही आपल्या महाराष्ट्रात, पुण्याला. आपल्या गावात तेव्हा साधा फोनही नव्हता.

पुढची अडचण लांब पल्ल्याची होती. धागा कितीही स्वच्छ असला तरी बऱ्याच किलोमीटरांनंतर उजेड मंद होतो. मग वाटेत यंत्र बसवायचे. ते उजेडाची वीज करायचं, वीज वाढवायचं आणि तिचा पुन्हा उजेड करून पुढे सोडायचं. समजा, रावेरहून केळीचा ट्रक दिल्लीला निघाला आणि प्रत्येक नाक्यावर सगळे घड उतरवून दुसऱ्या ट्रकमध्ये भरावे लागले, तर किती वेळ आणि किती खर्च? तसंच ते होतं. 1987 मध्ये इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन यांच्या चमूने तंतूत एर्बियम नावाचा धातू किंचित मिसळला. बाहेरून दुसरा उजेड देऊन तो धातू आधी भारून ठेवायचा. थकलेला निरोप तिथून गेला की त्यातली ताकद उचलून तो उजेडाच्या रूपातच तगडा होतो. माल उतरवायची गरजच संपली.

त्यामुळे एकाच धाग्यातून अनेक रंगांचे उजेड एकदम पाठवणं परवडू लागलं, प्रत्येक रंगावर वेगळा निरोप. 2024 मध्ये जपानच्या एका सरकारी संस्थेने नेहमीच्याच जाडीच्या तंतूतून सेकंदाला 402 लाख कोटी ठिपके, म्हणजे एक-शून्याचे संकेत, पाठवून दाखवले. आता मोठ्या जंक्शनवर कोणता रंग कुठल्या वाटेने जायचा, तेही उजेडाची वीज न करता ठरवता येतं. निरोपाचा पत्ता वाचण्याचं काम अजून विजेच्या चिपा करतात. तेही उजेडाकडूनच करून घ्यायचे प्रयोग प्रयोगशाळांत चालू आहेत.

या गोष्टीत एक बाईही आहे. कॅनडाच्या डोना स्ट्रिकलंड. 1985 मध्ये अमेरिकेत शिकत असताना त्यांनी 1.4 किलोमीटर लांब तंतूतून लेझरचा क्षणिक ठोका लांबवला, मग वाढवला आणि पुन्हा आवळला. त्यातून अतिशय कमी वेळाचा आणि प्रचंड ताकदीचा ठोका तयार झाला. आज डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत असे ठोके वापरतात. 2018 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. भौतिकशास्त्रात हा मान मिळवणाऱ्या त्या जगातल्या फक्त तिसऱ्या स्त्री होत्या.

आता आपल्या फाट्यावर परत येऊ. 2011 मध्ये केंद्र सरकारने सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडायची योजना मंजूर केली. तिचंच नाव पुढे भारतनेट झालं. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम महानेट नावाने चाललं. काचेतून उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. जळगावचा निरोप मुंबईला पोचायला सेकंदाचा पाचशेवा भागही पुरतो. आणि आमच्या गावाला मात्र त्या तुटलेल्या धाग्याने चार दिवस थांबवलं.

असं का झालं, ते आम्ही विचारलं. केबल तालुक्यापासून एका रेषेत आलेली असली, की एक घाव पुढच्या सगळ्या गावांना अंधारात टाकतो. तीच वर्तुळात फिरवली तर एका बाजूला तुटलं तरी उजेड दुसऱ्या बाजूने फिरून येतो. 2023 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने 1,39,579 कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर केला. त्यात पंचायतींना असं वर्तुळात जोडायचं ठरलं आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू झालं. खोदणाऱ्याने आधी त्यावर कळवायचं, म्हणजे जमिनीत केबल असणाऱ्यांना सूचना जाते.

म्हणून येत्या ग्रामसभेत आम्ही तीन प्रश्न लिहून नेणार आहोत. आपल्या पंचायतीची केबल रेषेत आहे की वर्तुळात? गावात खोदकाम करणारा आधी कळवतो का? आणि पंचायतीच्या खोलीपर्यंत आलेला धागा शाळेत, दवाखान्यात आणि गटाच्या बैठकीच्या जागी कधी येणार? तुमच्या गटानेही हे प्रश्न विचारावेत आणि मिळालेलं उत्तर आम्हाला कळवावं.

शंभर-दीडशे वर्षं तार आपल्याकडे दुसऱ्यांचे निरोप घेऊन येत राहिली. हा धागा आपला निरोपही नेतो. तो नीट राहतो की नाही, ते आपणही बघायला हवं.

भेटू पुढच्या भागात. तोवर नमस्कार.